सर्जनच्या बोटाला सुई टोचते तेव्हा

नीटचा निकाल लागला की आमच्या घरी पेढ्यांचे डबे येऊ लागतात. इतवाऱ्यातून, देगलूर नाक्याकडून, पीरबुऱ्हाण नगरातून पालक येतात. मुलगा किंवा मुलगी मागे संकोचून उभी असते आणि अब्बा बोलत असतात. कोणते कॉलेज मिळेल, फी किती, नांदेडलाच नंबर लागेल की लातूरला, मुलींचे होस्टेल कसे आहे? आम्ही वीस वर्षे शाळेत शिकवतो आहोत. एवढ्या वर्षांत एकाही पालकाने विचारले नाही की, सर, या कामात आमच्या लेकराच्या जिवाला काय धोका असतो? मुलगा इमारतीच्या कामावर जाणार असता तर आईने हा प्रश्न पहिल्यांदा विचारला असता. पांढरा कोट म्हटले की तो सुचत नाही. खरे सांगायचे तर आम्हालाही तो गेल्या रमजानपर्यंत सुचला नव्हता.

रमजानच्या एका रात्री सहरीच्या वेळी फोन वाजला. आमची जुनी विद्यार्थिनी. एमबीबीएस होऊन आता एका मोठ्या सरकारी रुग्णालयात सर्जरीचे शिक्षण घेते, दुसऱ्या वर्षाला आहे. सलाम झाला आणि ती गप्प. मग म्हणाली, "सर, घर में नक्को बोलो." आतड्याला छिद्र पडलेला रुग्ण रात्री दोनला टेबलावर घेतला होता. पोट शिवताना सुई हातमोज्यातून तिच्या डाव्या हाताच्या तर्जनीत शिरली. तिने बोट दाबून रक्त काढले, मोजा बदलला आणि राहिलेले टाके घातले. नंतर रुग्णाच्या रक्ताचा अहवाल आला: एचआयव्ही नाही, पण हेपटायटिस बी आहे. बाहेर बसलेल्या मुलाला विचारले तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, चार वर्षांपासून माहीत आहे. आधी एका दवाखान्यात हे सांगितले तर त्यांनी ऑपरेशनला नकार दिला होता, म्हणून या वेळी सांगितले नाही.

आमच्या विद्यार्थिनीने या रोगाच्या लसीचे दोन डोस घेतले होते. तिसरा परीक्षेच्या गडबडीत राहिला तो राहिलाच. अशा वेळी लसीबरोबर तयार प्रतिपिंडांचे एक इंजेक्शन घ्यावे लागते, शक्यतो चोवीस तासांच्या आत. ते तिथल्या स्टोअरमध्ये नव्हते. मैत्रिणींनी पैसे गोळा करून सकाळी बाहेरून आणले. घरी सांगायचे नव्हते, कारण घरी तिच्या रिश्त्याची बोलणी चालू होती. सुई टोचली, रक्त तपासायचे आहे, सहा महिने वाट पाहायची आहे, एवढे शब्द पलीकडच्या घरात पोहोचले असते तर त्यांचे काय झाले असते ते आपणा सर्वांना ठाऊक आहे.

त्यानंतर आम्ही या विषयावर बरेच वाचले आणि नांदेड-लातूरच्या ओळखीच्या डॉक्टरांना बरेच विचारले. त्यातले घराघरांत पोहोचावे असे वाटते ते इथे मांडतो.

धोका मोजायची एक साधी रीत आहे. आमच्या शाळेच्या नळाजवळ शेवाळ साचते. तिथे रोज कोणीतरी घसरते, गुडघा खरचटतो. गच्चीचा कठडा एका ठिकाणी तुटलेला होता. तिथून कधी कोणी पडले नाही, पण पडले असते तर संपले असते. शेवाळही काढायचे आणि कठडाही बांधायचा. मात्र आधी कठडा. म्हणजे प्रत्येक धोक्याला दोन प्रश्न विचारायचे: हे किती वेळा घडते, आणि घडले तर किती वाईट? सर्जनच्या कामाला हेच दोन प्रश्न लावले तर आपल्या मनातली भीती आणि खरा धोका वेगवेगळ्या जागी निघतात.

लोक एचआयव्हीला सर्वांत जास्त घाबरतात. पण एचआयव्ही असलेल्या रुग्णाचे रक्त लागलेली सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता हजारात सुमारे तीन असते. त्यातही पहिल्या काही तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत औषध सुरू करून २८ दिवस घेतले तर ती आणखी खूप कमी होते. हेपटायटिस सीची शक्यता शंभरात दोनच्या आत आहे. हेपटायटिस बीची मात्र, लस न घेतलेल्या माणसाला, शंभरात सहापासून तीसपर्यंत. रुग्णाच्या रक्तात विषाणू किती जोमात आहे त्यावर हा आकडा हलतो. हा विषाणू वाळलेल्या रक्तात सात दिवससुद्धा जिवंत राहतो. आपल्या देशात शंभर माणसांत दोन ते चार जण तो अंगात बाळगून असतात आणि त्यातल्या बहुतेकांना ते माहीतही नसते. आणि या तिन्हींपैकी लस फक्त यालाच आहे. सर्वांत मोठा धोका आणि सर्वांत स्वस्त उपाय एकाच ठिकाणी आहेत, आणि नेमका तिथलाच तिसरा डोस राहून जातो.

बोट दाबून रक्त काढणे ही आमच्या विद्यार्थिनीची चूकच होती. सुई टोचली की साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायचे, दाबायचे नाही, चोखायचे नाही, वर जळजळीत औषध ओतायचे नाही, आणि लगेच कळवायचे. पुस्तकात हे सारे तिने वाचलेले होते. पण रात्री दोन वाजता, समोर पोट उघडे असताना आणि वरिष्ठ कपाळाला आठ्या घालून उभे असताना, पुस्तक आठवत नाही. कळवले तर आपला हात कच्चा आहे असे म्हणतील, ही भीती तर असतेच. एका अनुभवी सर्जननी आम्हाला हसत हसत सांगितले की त्यांना किती वेळा सुई टोचली याचा हिशेब त्यांनी कधी ठेवला नाही. त्यांच्या हसण्याचे आम्हाला नवल वाटले. हिशेबच नसेल तर धोका मोजायचा कशाने?

डावी तर्जनीच का, हेही आम्ही विचारले. उजव्या हाताने सुई चालते आणि डाव्या हाताची बोटे कातडी किंवा स्नायू धरून ठेवतात, म्हणून उजव्या हाताने काम करणाऱ्यांत सर्वांत जास्त टोचते ते हेच बोट. यावर उपाय आहेत आणि ते काही परदेशी चैनीचे नाहीत. सुई बोटांनी न धरता चिमट्याने धरायची. सिस्टरने चाकू किंवा सुई थेट हातात द्यायची नाही, मधल्या एका ट्रेमध्ये ठेवायची आणि सर्जनने तिथून उचलायची. पोटाचा आतला जाड थर शिवायला बोथट टोकाची सुई मिळते, ती स्नायूतून जाते पण मोज्यातून सहज जात नाही. मोजे दोन जोड्या घालायचे. मोज्याला पडलेले भोक बऱ्याचदा दिसतही नाही, आणि दोन जोड्या असल्या की आतल्या जोडीला भोक पडण्याचे प्रमाण खूप कमी होते. पहिले काही दिवस बोटे जड वाटतात, मग सवय होते.

या मोज्यांचा इतिहास मुलांना सांगण्यासारखा आहे. १८४७ मध्ये व्हिएन्नात कोलेच्का नावाच्या डॉक्टरला शवविच्छेदनाच्या वेळी एका विद्यार्थ्याच्या हातातला चाकू लागला आणि त्यातच तो गेला. त्याचा मित्र सेमेलवाइस याने पाहिले की मित्राच्या शरीरातली लक्षणे बाळंतिणींच्या तापासारखीच आहेत. त्यावरून त्याने डॉक्टरांना हात धुवायला लावले. म्हणजे डॉक्टरांच्या हात धुण्यामागे एका डॉक्टरचा मृत्यू आहे. पुढे १८८९-९० च्या हिवाळ्यात अमेरिकेत हॉल्स्टेड या सर्जनने रबराचे पातळ मोजे बनवून घेतले. ते रुग्णासाठी नव्हतेच. त्यांच्या थिएटरमधल्या कॅरोलिन हॅम्प्टन या परिचारिकेचे हात जंतुनाशकाच्या पाण्याने सोलून निघत होते, तिच्यासाठी ते होते. (पुढे दोघांचे लग्न झाले.) रुग्णाला त्याचा फायदा होतो हे नंतर लक्षात आले. आज मोजे रुग्णासाठी घालतात असे सगळे समजतात आणि घालणाऱ्याचा विचार मागे पडला आहे.

सुईशिवायचे धोके हळूहळू काम करतात. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला जाणारा रस्ता आपल्यापैकी अनेकांच्या पायाखालचा आहे. असल्या रस्त्यांवरचे मोटारसायकलचे अपघात हाडांच्या सर्जनकडे येतात. मोडलेल्या मांडीत रॉड टाकताना तो नीट बसतो आहे की नाही हे सी-आर्म नावाच्या यंत्राने, क्ष-किरण सोडून, पुन्हा पुन्हा पाहावे लागते. रुग्णाला हे किरण आयुष्यात एकदा लागतात. सर्जनला आठवड्यातून कितीतरी वेळा. त्यासाठी शिशाचा एप्रन आणि गळ्याची पट्टी असते. एप्रन पाच-सहा किलोचा, आपल्या उकाड्यात तो नकोसा होतो. घडी करून ठेवला तर आतल्या शिशाला भेगा जातात, म्हणून तो टांगून ठेवायचा असतो. छातीवर एक बिल्ला लावतात, त्यात किती किरण लागले त्याची नोंद होते आणि तो ठराविक मुदतीने तपासणीला जातो. मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाने मर्यादा घालून दिली आहे: पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, कोणत्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त नाही. पण बिल्ला खुंटीला टांगलेला राहिला तर तो खुंटीला लागलेले किरण मोजतो. आम्ही गणिताचे मास्तर, त्यामुळे आम्हाला यातली एक गोष्ट फार आवडली: किरण जिथून निघतात तिथून अंतर दुप्पट केले की मारा चौथाईवर येतो. बटण दाबण्याआधी एक पाऊल मागे सरकायला पैसे लागत नाहीत.

विजेच्या उपकरणाने रक्तवाहिनी जाळून बंद करतात तेव्हा धूर निघतो. त्यात बेंझिन असते, कार्बन मोनॉक्साइड असते, आणि साधा मास्क तो अडवत नाही. धूर ओढून घेणारी नळी जखमेजवळ धरली तर बराचसा जातो. चुलीपुढे आयुष्य घालवलेल्या आपल्या दादी-नानींना धुराबद्दल काही सांगायला नको.

पाठ आणि मान यांची कथा आणखी साधी आहे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत सर्जन तासन् तास मान एका कोनात ठेवून उभा असतो. आम्हीही दिवसभर वर्गात उभे राहतो, पिंढऱ्यांवर निळ्या शिरा आमच्याही उमटल्या आहेत, पण आम्हाला खुर्ची आहे आणि तास संपल्याची घंटा आहे. टेबलाची उंची कोपराच्या हिशेबाने ठेवणे, पडदा डोळ्यांच्या रेषेच्या जरा खाली ठेवणे, अर्ध्या-पाऊण तासाने अर्धा मिनिट हात खाली सोडणे, एवढ्याने फरक पडतो. टेबल सहसा उंच पुरुषाच्या मापाने लागते आणि शेजारची ठेंगणी मुलगी खांदे उचलून काम करते. तिच्या पायाखाली एक लाकडी पाट हवा. आमच्या विद्यार्थिनीने तो मागितला तेव्हा सगळे हसले होते, हेही तिने त्याच फोनवर सांगितले.

झोपेबद्दल मात्र आम्हाला हसू येत नाही. निवासी डॉक्टरांनी सलग बारा तासांपेक्षा आणि आठवड्यात अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त काम करू नये असा केंद्र सरकारचा आदेश १९९२ सालचा आहे. तो निघाला तेव्हा आमची विद्यार्थिनी जन्मलीही नव्हती. प्रत्यक्षात छत्तीस तासांची ड्युटी ही नेहमीची गोष्ट आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यात एका शिकाऊ डॉक्टर मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. तीही लांबलचक ड्युटीत थोडी पडावी म्हणून रुग्णालयातल्या सेमिनार हॉलमध्ये गेली होती. आपल्या मुलीच्या होस्टेलचे फाटक किती वाजता बंद होते हे विचारणाऱ्या पालकांनी ड्युटीच्या रात्री ती पाठ कुठे टेकते हेही विचारायला हवे.

मारहाण हाही कामाचाच धोका आहे, आणि तो देणारे आपणच. धुळ्यात मार्च २०१७ मध्ये हाडांच्या विभागातल्या एका निवासी डॉक्टरला नातेवाइकांच्या जमावाने मारले आणि त्याच्या डोळ्याला जबर इजा झाली. महाराष्ट्रात डॉक्टरांवरील हल्ल्याविरुद्ध २०१० पासून कायदा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, गुन्हा अजामीनपात्र. आपल्या नांदेडचे ऑक्टोबर २०२३ आठवा. विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाले, त्यात बारा नवजात बाळे होती. त्या आई-बापांचे दुःख कोणत्याही हिशेबात बसणारे नाही, आणि औषधे, खाटा, रिकाम्या जागा यांवर प्रश्न विचारणे हा त्यांचा हक्कच होता. उच्च न्यायालयानेही स्वतःहून दखल घेतली. पण एका खासदारांनी अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावले आणि ते चित्र राज्यभर फिरले, तेव्हा रिकाम्या जागांचा प्रश्न मागे पडला आणि झाडू पुढे आला. एका माणसाला तिघांचे काम करावे लागते तिथे सुई जास्त टोचते, हे त्या चित्रात दिसत नव्हते.

लातूरकडच्या वाचकांना डॉ. तात्याराव लहाने यांच्याबद्दल सांगायला नको. रेणापूर तालुक्यातल्या माकेगावचे. १९९५ मध्ये त्यांना त्यांच्या आईने मूत्रपिंड दिले. त्यानंतर त्यांनी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया लाखाच्या वर नेल्या आणि २००८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचा आजार कामातून आला असे आम्ही म्हणत नाही. मुलांना आम्ही ही गोष्ट दरवर्षी सांगतो आणि मुले जिद्दीच्या भागाला टाळ्या वाजवतात. आता सांगताना आम्ही आईपाशी थांबतो. सर्जनलाही शरीर असते आणि ते बिघडले की घरातलेच कोणी टेबलावर जाते, हे त्या गोष्टीत पहिल्यापासून होते. आम्हीच ते गाळून सांगत होतो.

थिएटरमध्ये सर्जन एकटा नसतो. अवजारे धुणाऱ्या मावशी, कचऱ्याची पिशवी उचलणारे मामा, यांत आपल्याच वस्तीतल्या कितीतरी बाया-माणसे आहेत. सर्जनने वापरलेली सुई चुकीच्या पिशवीत पडली की ती त्यांच्या हातात शिरते, आणि त्यांना तर सहरीला फोन करायला कोणी सरही नसतो. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे सुया पांढऱ्या, न फुटणाऱ्या डब्यातच टाकायच्या असतात, आणि कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हेपटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणे, वर्षातून एकदा तपासणी करणे ही रुग्णालयाच्या मालकाची जबाबदारी आहे. लहान नर्सिंग होममध्ये कामाला असलेल्या बहिणींनी ही लस हक्काने मागावी. हे उपकार नाहीत.

आता त्या रुग्णाच्या मुलाकडे येऊ. आम्हाला त्याचा राग आला होता, नाही म्हणत नाही. पण पहिल्या दवाखान्याने दार बंद केले नसते तर तो खोटे बोलला नसता. एचआयव्ही असलेल्या रुग्णाशी भेदभाव करायला २०१७ च्या कायद्याने मनाई आहे, आणि त्याच कायद्याने डॉक्टर-परिचारिकांना सुरक्षेची साधने आणि सुई टोचल्यानंतरची औषधे मिळण्याचा हक्क दिला आहे. प्रत्येक रुग्णाचे रक्त धोक्याचे आहे असे धरूनच सर्जनने वागायचे असते. मग सांगायचे कशाला, असे कोणी विचारील. सांगितले तर ते इंजेक्शन आधीच आणून ठेवता येते, शिकाऊ हाताऐवजी मुरलेला हात टाके घालतो, दोन जोड्या मोजे आठवणीने चढतात. शिवाय रुग्णाचेही भले होते. हेपटायटिस बी आणि सीची तपासणी व औषधे २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी केंद्रांवर मोफत आहेत. चार वर्षे लपवलेली कावीळ चार वर्षे विनाउपचार राहते. घरातल्या बाकीच्यांनीही तपासून लस घ्यावी.

आमची विद्यार्थिनी सहा महिन्यांनी तपासणीत निर्दोष निघाली, अल्हमदुलिल्लाह. अब्बांना तिने नंतर सगळे सांगितले. ते आमच्यावर थोडे रागावले, आणि ते बरोबरच होते.

यंदा पेढे घेऊन येणाऱ्या प्रत्येक पालकाकडे आम्ही लसीचे कार्ड मागतो आहोत. बाळांना हेपटायटिस बीची लस सरकारी वेळापत्रकातून देशभर मिळू लागली ती २०११ च्या सुमारास. त्याआधी जन्मलेल्या मुलांना ती मिळाली असेलच असे नाही, म्हणून प्रवेशाच्या धावपळीतच पहिला डोस द्यावा, दुसरा एका महिन्याने, तिसरा सहाव्या महिन्यात, आणि त्यानंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातली प्रतिपिंडे तपासून घ्यावीत. आकडा दहा किंवा वर हवा. यंदा आतापर्यंत सात जण आले. कार्ड दोघांकडे होते, आणि त्या दोन्हींवर तिसऱ्या डोसची जागा कोरी होती.